वजाबाईंनी काय वजा केलं

आमच्या गल्लीत सध्या अशी आवई उठली आहे की दुसऱ्या मजल्यावरच्या वजाबाईंनी आपल्या सख्ख्या भावाच्या डोक्यातला आजार यंत्रावर बसून पुसून टाकला. डोक्याचं चित्र काढलं, त्यात काळे डाग निघाले, बाईंनी आजूबाजूला कोणी नाही बघून एक बटण दाबलं, डाग गायब आणि भावाची नोकरी शाबूत. इस्त्रीवाला तर बटणाचा रंगही सांगतो. हिरवं होतं म्हणे.

हे साफ खोटं आहे. झालं ते नेमकं उलटं. बाईंनी पुसलं ते धुकं, आणि धुकं पुसल्यावर आजार दिसला. त्या नुसत्या एक सोमवार हात बांधून बसल्या असत्या तरी चाललं असतं, कारण पुरावा यंत्र स्वतःच पुसणार होतं. आता सरळ गोष्ट उलटी कशी झाली, यासाठी लोक माझ्याकडे बोट दाखवतात. मी एवढंच म्हणतो, माझ्या तोंडून निघाली तेव्हा ती सरळ होती. वाटेत वाकली.

माझं दुकान आमच्याच इमारतीच्या जिन्याखाली आहे. चाव्या करून देतो, अडलेली कुलपं उघडून देतो. दुकानात मी बसलो की पाय बाहेर ठेवावे लागतात. पण जागा मोक्याची. जिन्यानं चढणारा-उतरणारा माझ्या नाकासमोरून जातो, समोर बसथांबा आहे, आणि रस्त्यापलीकडे दोन वर्षं चाललेलं उंच इमारतीचं बांधकाम. त्यामुळे गल्ली मला रेडिओ म्हणते. मी मनाला लावून घेत नाही. बंद रेडिओला कोणी नावं ठेवत नाही, पण त्याला कोणी घरातही ठेवत नाही.

वजाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं काटकुळ्या, पायात पांढरे रबरी बूट. जिना उतरताना पावलांचा आवाज येत नाही, एकदम समोर उभ्या दिसतात. त्यात त्यांची बघायची एक खोड आहे. बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत. कानाच्या चार बोटं बाहेर, डोक्याशेजारच्या हवेत बघतात. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात त्या मेंदूची चित्रं काढतात, हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे लोकांची पाचावर धारण बसायची. तळमजल्याच्या शिक्षिकेनं एकदा धीर करून विचारलं, "बाई, माझ्या डोक्यात काही दिसतंय का?"

"मी डोक्यात बघतच नाही," बाई म्हणाल्या. "मी आधी डोक्याबाहेर बघते."

त्यानंतर शिक्षिकाबाई आठवडाभर मागच्या दारानं ये-जा करत होत्या.

वजाबाई हे नाव मीच ठेवलेलं. झालं असं की त्यांच्या दाराचं कुलूप अडकलं होतं, मी ते खोलून बसलो होतो, आणि सहज विचारलं की तुमच्या त्या बोगद्यासारख्या यंत्रात नेमकं होतं काय. बाईंनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला.

"रोग्याला साखरेसारखं एक औषध टोचायचं. मेंदूचा जो भाग कामात असेल तो ती साखर जास्त ओढतो. ते औषध किरणं सोडतं. दोन कण जोडीनं सुटतात, पाठीला पाठ लावून, एक इकडे, एक बरोबर उलट दिशेला. डोक्याभोवती कडं असतं. कड्यावर एकाच क्षणी समोरासमोर दोन टकटकी झाल्या, की यंत्र त्या दोन दारांमध्ये रेघ ओढतं आणि म्हणतं, या रेघेवर कुठेतरी साखर आहे. अशा लाखो रेघा जमल्या की चित्र होतं."

"मग सोपं आहे की."

"सोपं असतं तर मला कशाला ठेवलं असतं? निघालेला कण वाटेत मांसाला, हाडाला धडकतो. वाट वाकडी होते. मग तो भलत्याच दारावर टकटक करतो. यंत्र बिचारं रेघ ओढतं, आणि ती भलत्याच घरावरून जाते. शंभरातल्या तीसेक टकटकी अशा वाकड्या. त्यांचं धुकं साचतं सगळ्या चित्रावर. जिथे साखर नाही तिथेही असल्यासारखं दिसतं."

"म्हणजे अफवाच की हो."

"म्हणजे तुम्हीच की हो," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून हसल्या.

मग त्यांनी धुकं कसं काढतात तेही सांगितलं. डोक्याबाहेर नुसती हवा असते. हवेत साखर नसते. तरीही तिथे टकटक दिसली, तर ती सगळी वाकडी समजायची. ती मोजायची, तिच्यावरून आतलं धुकं किती असेल ते यंत्रानं ताडायचं आणि चित्रातून वजा करायचं. म्हणून चित्र समोर आलं की बाईंची रीत ठरलेली: आधी रिकामे कोपरे बघायचे. बाहेर काळं स्वच्छ असेल तर आतलं खरं. बाहेर धूसर असेल तर आतल्यावर विश्वास ठेवायचा नाही, मग ते कितीही छान दिसो. "छान दिसलं की जास्त ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या.

आता त्यांचा भाऊ. चार वर्षांनी धाकटा, तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि समोरच्या बांधकामावर उंच क्रेन चालवायचा. आम्ही त्याला आभाळ्या म्हणतो. मी त्याला चिडवायचो, "उंटावरून शेळ्या हाकण्याचा पगार घेणारा तूच पाहिला." तो म्हणायचा, "वरून तुझं टक्कल ओळखू येतं रे, पत्ता सांगायला बरं पडतं." दुपारी साडेबाराला तो रिकामा हुक तीनदा खाली-वर करायचा. खाली उतरून घरी पोचायला त्याला पंधरा मिनिटं लागायची. हुक तीनदा हलला की आमच्या वहिनी, म्हणजे त्याची बायको, तिसऱ्या मजल्यावर ताट वाढायला घ्यायच्या. त्या हुकाची सावली रस्ता ओलांडून आमच्या इमारतीच्या भिंतीवर पडायची, खिडक्यांवरून सरकत जायची. घरातली लहान मुलं ती आली की पाय वर घ्यायची. आम्ही मोठी माणसं हसायचो.

मग एका दुपारी हुक तीनदा हलला. चौथ्यांदा हलला. पाचव्यांदा, सहाव्यांदा. थांब्यावरची माणसं मान वर करून बघायला लागली. "आज पाहुणे आहेत वाटतं जेवायला," मी ओरडलो आणि सगळे हसले. हुक चौदा वेळा हलला. मग अधांतरी थांबला, मागून कोणी हाक मारल्यासारखा. वहिनी खिडकीत पळी हातात धरून उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या.

आणि एक गोष्ट मला त्याच्या आधीपासून माहीत होती. आभाळ्या माझ्याकडे घराची चावी करायला आला होता. बारा दिवसांनी पुन्हा आला, तीच चावी. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी म्हणालो, "चावतोस की काय चाव्या?" चौथ्या वेळी तो आला आणि कशासाठी आलो ते त्यालाच आठवेना. फळीवरच्या माझ्या कानशींकडे बघत उभा राहिला. मीच आपणहून चावी कापायला घेतली. जाताना म्हणाला, "हिला सांगू नकोस. आणि ताईला तर मुळीच नाही. तिच्या डोळ्यांची मला भीती वाटते."

मी तोंडाला कुलूप लावलं. का लावलं? खरं सांगायचं तर आजवर मला कोणी गुपित सांगितलंच नव्हतं. रेडिओला कोण सांगतो? पहिल्यांदाच कोणी विश्वास ठेवला आणि मी सुखावलो. पाचवी चावी मी त्याला फुकट करून दिली.

पुढे एकदा लोखंडी सळ्यांचा भारा रस्त्यावर आडवा लटकत राहिला. भारा रस्त्यावरून न्यायचा नसतो, न्यावाच लागला तर आधी भोंगा द्यायचा असतो. भोंगा झालाच नाही. साइटचा मुकादम कडक माणूस, पण आभाळ्याशी वीस वर्षांची दोस्ती. त्यानं वर कळवायच्या आधी आभाळ्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढायला सांगितलं, आणि चित्र बघितल्याशिवाय क्रेनवर चढायचं नाही असंही सांगितलं.

चित्र बाईंच्याच यंत्रावर निघणार होतं. तिथे दोन तंत्रज्ञ, बाई आणि एक तरुण मुलगी. घरच्या माणसाचं चित्र आपण काढायचं नाही हा बाईंचा स्वतःचा नियम. पण त्या सोमवारी ती मुलगी तापानं फणफणली होती, आणि औषध एकदा तयार होऊन आलं की दुपारपर्यंत उतरून जातं. बाईंनी नियम मोडला. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. "गल्लीभर जाणारच आहे," म्हणाल्या, "तर निदान निघताना सरळ निघू दे."

आभाळ्या टेबलावर आडवा झाला. तेवीस वर्षं उंचावरून खाली बघून बघून त्याची मान आखडलेली. डोकं ठेवायचा पाळणा कडक असतो, त्यात त्याला क्षणभर निजवेना. बाईंनी त्याचे हात पोटावर ठेवले तेव्हा डाव्या अंगठ्यावर शाईचा निळा ठिपका दिसला. लहानपणी त्याला डावं-उजवं कळायचं नाही. शाळेत जाताना बाईच त्याच्या डाव्या अंगठ्यावर ठिपका काढून द्यायच्या. चाळीस वर्षांनी तो ठिपका परत आला होता.

"हे काय रे?" बाईंनी विचारलं.

"पेन गळतं, ताई."

बाई वळल्या. वरच्या वॉर्डात गेल्या. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिथे निळ्या उशा असतात, आत घट्ट लगदा भरलेल्या, दगडासारख्या जड पण मऊ. त्यातली एक आणली आणि भावाच्या मानेखालून, कानांवरून, टाळूपर्यंत गुंडाळून घट्ट बसवली. लहान मुलाला निजवावं तसं.

"आता बरं वाटतंय?"

"झोप येतेय."

"हलू नकोस म्हणजे झालं."

चित्र आलं. आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आधी आत बघितलं. मेंदू सगळीकडून सारखा भरलेला होता. साखर न पोचलेला खड्डा कुठे नाही, कुठे उणं नाही. बाईंनी नळाखाली तोंड धुतलं आणि चित्र पुढे पाठवून दिलं. मंगळवारी डॉक्टरांचा कागद आला: विशेष काही नाही, थकवा असावा. वहिनींनी जिन्यातल्या प्रत्येक दारात गोड वाटलं. मला दोनदा मिळालं. बुधवारी सकाळी आभाळ्या क्रेनवर चढला आणि साडेबाराला हुक तीनदा हलला. अगदी मोजून तीनदा. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच बुधवारी बाईंनी चित्र पुन्हा उघडलं होतं. तपासायला नाही. नुसतं बघायला, एखादं पत्र पुन्हा वाचावं तसं. आणि सवयीनं नजर कोपऱ्याकडे गेली.

कोपरे काळे नव्हते. उशीपलीकडची हवा राखेसारखी धूसर होती.

त्यांनी यंत्रानं केलेली वजाबाकी उघडून बघितली. शंभरातले तीसेक वजा व्हायला हवे होते. यंत्रानं वजा केले होते नऊ. का, ते कळायला त्यांना पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही. उशी जड, डोक्याला चिकटलेली. यंत्रानं उशीलाच डोकं समजलं. बाहेरची हवा मोजायला त्याला उरली कडेची एक चिंधी. त्या चिंधीवरून त्यानं अंदाज केला, फारसं धुकं नाही. बाकीचं धुकं आतच राहिलं, आणि पाण्यानं खड्डा भरावा तसं ते मेंदूतल्या खड्ड्यांमध्ये भरून राहिलं. खड्डे असतील तर.

असतील तर, एवढाच प्रश्न होता. तो सोडवणं अवघड नव्हतं. भावाला पुन्हा टोचायची गरज नव्हती. कच्च्या टकटकी यंत्रात साठलेल्या असतात, त्याच नव्यानं मोजायच्या. पण त्या सातच दिवस राहतात. पुढच्या सोमवारी संध्याकाळी यंत्र त्या स्वतःच पुसणार होतं, नव्या रोग्यांना जागा हवी म्हणून. मग उरलं असतं ते फक्त छान चित्र, आणि डॉक्टरांचा छान कागद.

गुरुवारी दुपारी बाई माझ्या दुकानासमोर, बसथांब्यावर उभ्या दिसल्या. हातात डबा. हॉस्पिटल इथून दोन थांब्यांवर, जेवायला घरी येत असतील म्हटलं. पण त्या घरी गेल्या नाहीत. क्रेनचा दांडा जिथून फिरतो त्याच्या बरोबर खाली उभ्या राहिल्या, मान वर करून. अर्धा तास. दोन बसगाड्या गेल्या.

"बाई, बस चुकली की माणूस?" मी विचारलं.

"उभी आहे," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी तसंच. शनिवारी तसंच. तीन दिवसांत डबा उघडलेला मी पाहिला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून सावली गेली की त्या डोळे मिटायच्या नाहीत. मी लोकांना सांगितलं, बाईंचं वजन कमी होतंय, आता स्वतःलाच वजा करतायत. लोक हसले. त्या तिथे काय करत होत्या हे मला फार नंतर कळलं. इतरांना जिथे उभं राहावं लागतं तिथे त्यांनी स्वतःला उभं केलं होतं. बोलायची हिंमत होईना, निदान हुक आला तर आधी आपल्यावर यावा.

रविवारी मला तिसऱ्या मजल्यावरून बोलावणं आलं. कुलपात काहीतरी तुटलं होतं. मी दारासमोर उकिडवा बसून चिमट्यानं तुकडा काढला. तो सायकलच्या चावीचा होता. आत बाई आणि आभाळ्या बसले होते, दार उघडंच होतं, आणि माझे कान मी घरी ठेवून आलो नव्हतो.

"हात दाखव," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"डावा दाखव."

"ताई, पेन गळतं म्हटलं ना."

"मग दोन्ही हातांवर का नाही गळत?"

तेवढ्यात वहिनी आतून आल्या. "वन्सं, पुरे आता. कागद चांगला आला ना? तुमच्याच यंत्राचा ना? मग कशाला त्याला उकरून काढताय? तुम्हाला रोज आजारी माणसं बघायची सवय लागली आहे, चांगला माणूस तुम्हाला बघवत नाही."

बाई त्यांच्या कानाशेजारच्या हवेत बघत राहिल्या. मग उठल्या. दारात मी सायकलच्या चावीचा तुकडा मुठीत घेऊन बसलो होतो. त्या मला ओलांडून खाली गेल्या. मी मूठ उघडली नाही.

सोमवार. साडेबारा वाजायला आले होते. क्रेननं काचेच्या तावदानांचा मोठा चौकोनी गठ्ठा उचलला, वर नेला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. आत वळायचा तो बाहेर वळला. भोंगा नाही. गठ्ठा कुंपण ओलांडून रस्त्यावर आला आणि थांबला. थांब्यावर नऊ-दहा माणसं होती, त्यात आमची ही, भाजीची पिशवी घेऊन. वजाबाई मधोमध. काचांवर ऊन पडलं आणि रस्त्यावर एक पांढरा चौकोन हलायला लागला. आधी कोणी वर बघितलंच नाही. सगळे त्या चौकोनाकडे बघत होते. सुंदर दिसत होता.

मग मुकादमाचा आवाज आला. तो खालून बिनतारी यंत्रात बोलत होता, ओरडत नव्हता, आणि त्यामुळेच मी कानस खाली ठेवली. "दादा, डावीकडे. डावीकडे आण. तुझा डावा कोणता, दादा? घाई नाही. सांग मला, डावा कोणता."

गठ्ठा तसाच लटकत राहिला.

अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं. माणसं पांगली, आमची ही माझ्या दुकानात येऊन बसली, पिशवीतल्या काकड्या उगाच मोजत. बाई मात्र जागेवरून हलल्या नाहीत. पांढरा चौकोन त्यांच्या अंगावर होता. शेवटी गठ्ठा हळूहळू आत वळला आणि खाली गेला. कुठे ओरखडाही नाही. थोड्या वेळानं हुक रिकामा वर आला आणि तीनदा हलला.

बाईंनी डबा माझ्या फळीवर ठेवला. "संध्याकाळी घेऊन जाईन," म्हणाल्या, आणि हॉस्पिटलकडे जाणारी बस पकडली.

तळघरात जाऊन त्यांनी भावाचं साठवलेलं चित्र उघडलं आणि पडद्यावर हातानं डोक्याची कड आखली. कातडीपर्यंत डोकं, त्यापुढे उशी. उशी म्हणजे डोकं नाही, असं यंत्राला सांगितलं. आपणच गुंडाळलेली उशी आपणच काढली, एक-एक थर करत. मग यंत्राला नव्यानं मोजायला लावलं. चाळीस मिनिटं ते वजाबाकी करत बसलं. या वेळी त्यांनी आधी कोपरे बघितले. काळे, स्वच्छ. आकडा एकतीस.

मग आत बघितलं. कानांच्या वर, मागच्या बाजूला, दोन्हीकडे खड्डे होते. ओल्या मातीत कोणी दोन अंगठे दाबून धरावेत तसे.

चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांकडे त्या दोन्ही चित्रं घेऊन गेल्या. आधीच्या चित्रात उशी होती, ती मी ठेवली होती, हे पहिलं वाक्य बोलल्या. डॉक्टर बराच वेळ आलटूनपालटून बघत होते.

"हे कोणाचं आहे, लक्षात आहे ना तुमच्या?"

"नाव मीच टाइप केलंय, साहेब."

"आधीचा कागद मी परत घेतला की पुन्हा तसा देता येणार नाही."

"म्हणूनच आज आले. उद्या टकटकी राहणार नाहीत."

नवा कागद गेला. मंगळवारी आभाळ्या क्रेनवर चढला नाही. मुकादमानं त्याला कामावरून काढू दिलं नाही, खालच्या अवजारांच्या कोठीत बसवलं. तिथे तो पाने-हातोडे देतो-घेतो. आता गल्लीचा तर्क बघा: नोकरी राहिली, म्हणजे आजार नसणार, चित्र दोनदा झालं, म्हणजे बाईंनी काहीतरी केलं असणार, मग हिरवं बटण. खड्ड्यांचं कोणी बोलत नाही. बोलायला ते दिसावे लागतात.

वहिनी बाईंशी बोलत नाहीत. जिन्यात समोर आल्या तर भिंतीकडे तोंड करतात. बाई रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जातात, दार उघडत नाही, दारातच थोडा वेळ उभ्या राहतात आणि परत येतात. मधे एकदा आभाळ्यानं आतून विचारलेलं मी ऐकलं, "कोण आहे?" आणि वहिनींचं उत्तर, "कोणी नाही." आता क्रेनवर नवा माणूस आहे. चांगला आहे, भोंगा देतो, दांडा रस्त्यावर आणत नाही. साडेबाराला हुक हलत नाही. कोठीच्या दारात उभा राहून आभाळ्या मात्र वर बघतो आणि हात खाली-वर करतो. कधी तीनदा. परवा मी मोजायचं सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात बाई दुकानासमोर थांबल्या. मला वाटलं कुलूप बिघडलं. मी नेहमीच्या सवयीनं जीभ सैल सोडली. म्हणालो, "बाई, एक विचारू? तो एक सोमवार गप्प बसला असतात, तर आज वहिनी बोलत असत्या तुमच्याशी. एका दिवसाचा तर प्रश्न होता."

बाईंनी पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. क्रेनच्या केबिनमधून भावाचं सामान खाली आलं, त्यात ती होती. त्यांनी ती माझ्या फळीवर उपडी केली. पाच चाव्या. पाचही एकाच दाराच्या, पाचांच्याही मानेवर माझ्या कानशीची तिरकी खूण. या वेळी त्या माझ्या कानाशेजारी बघत नव्हत्या. सरळ डोळ्यांत बघत होत्या.

"रेडिओ," त्या म्हणाल्या, "तुम्ही आयुष्यात एकदाच गप्प बसलात, आणि तेही पाच चाव्या होईपर्यंत."